इतिहासाच्या गुरुजींना चार हिताच्या गोष्टी

मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आपली नुकतीच नेमणूक झाली असेल आणि सहावी ते आठवीचा इतिहास, नागरिकशास्त्र व भूगोल आपल्या वाट्याला आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. गणिताच्या गुरुजींपुढे मुलाचे उत्तर एक तर बरोबर असते, नाही तर चूक. बिचाऱ्यांना मधली वाट नसते. आपल्या विषयात मात्र उत्तर बरोबर असूनही ते चूक ठरवण्याची सोय आहे. ही सोय कशी वापरावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू आहे. त्यातल्या ‘सातत्यपूर्ण’ या शब्दाला बिचकू नये. सहावीला शंभरांपैकी पन्नास गुण आकारिकचे आणि पन्नास संकलितचे. सातवी-आठवीला चाळीस आणि साठ. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. आकारिक म्हणजे वर्षभर मुलाकडे पाहत राहणे, त्याला बोलते करणे, त्याच्याकडून उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय करून घेणे आणि हे सारे वेळच्या वेळी नोंदवणे. एवढे वर्षभराचे काम एप्रिलच्या दोन रात्रींत उरकते, हा अनुभव आहे. वर्णनात्मक नोंदींचे तयार संच भ्रमणध्वनीवर फिरतच असतात. ‘ऐतिहासिक घटनांची माहिती सांगतो’, ‘नकाशात ठिकाणे अचूक दाखवतो’, ‘सार्वजनिक मालमत्तेची काळजी घेतो’ अशी वाक्ये हजेरीपटाच्या क्रमाने वाटत जावे. चाळीस मुले झाली की पुन्हा पहिल्या वाक्यापासून आरंभ करावा. मुलींच्या नावापुढे ‘सांगतो’चे ‘सांगते’ करण्यास विसरू नये, कारण तपासणीत नजरेस पडणारी चूक बहुधा तेवढीच असते.

प्रस्तुत लेखकाने एके वर्षी एका मुलाच्या नावापुढे ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो’ असे लिहिले होते. तो मुलगा दिवाळीआधीच आईवडिलांच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यावर गेला होता आणि गुढीपाडव्यापर्यंत ऊसाच्या फडात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होता. म्हणजे नोंद अगदीच खोटी होती असे म्हणता येणार नाही. ऊसतोड्यांच्या टोळीपेक्षा मोठे गटकार्य आमच्या वर्गात तरी कधी झाले नाही. याच मुलाने भूगोलाच्या चाचणीत नकाशात भीमा नदी चुकीच्या ठिकाणी दाखवली, तेव्हा त्याचे दोन गुण कापण्यात आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ती नदी त्याने जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडली होती, हे पुढे त्यानेच सांगितले. परंतु नदी ओलांडण्यास गुण नाहीत, दाखवण्यास आहेत.

प्रकल्पाविषयी फार विचार करू नये. ज्याच्या प्रकल्पाला चकचकीत आवरण आणि रंगीत चित्रे, त्यास पूर्ण गुण द्यावेत. तो प्रकल्प दुकानातून आला की मामाने केला, या चौकशीत पडू नये.

खरी कसोटी उत्तरपत्रिका तपासताना लागते. ‘तुमच्या परिसरातील पाण्याचे स्रोत लिहा’ या प्रश्नाला गाईडमधील उत्तर नदी, विहीर, तलाव असे आहे. एखादे मूल तेथे ‘टँकर’ असे लिहील. त्याच्या गल्लीत उन्हाळ्यात दुसरे काही येत नसेल, याला आपण काय करणार? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्याला ठाऊक असेलच. म्हणून काही ‘रेल्वे’ या उत्तराला गुण देता येत नाहीत. लाल शाईची फुली मारून पुढच्या पेपरकडे वळावे.

याहून अवघड प्रसंग आठवीच्या वर्गात येतो. ‘भारत स्वतंत्र केव्हा झाला?’ असा सोपा प्रश्न आपण घालतो आणि एखादा मुलगा लिहितो, ‘भारत १५ ऑगस्ट १९४७ ला, पण आमचे गाव १७ सप्टेंबर १९४८ ला.’ येथे फार सावध राहावे. मराठवाडा ज्यात होता ते निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते, १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, चार-पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाड्याला तेरा महिने उशिरा मोकळा श्वास घेता आला, हे आपणही जाणता आणि दरवर्षी झेंडावंदनाच्या भाषणात मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव घेऊन सांगताही. शिवाय त्या मुलाची पणजी निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीने रात्री ज्वारीच्या रानात लपल्याचे त्याने घरी ऐकलेले असते. तरीही उत्तराला अर्धा गुणच द्यावा. प्रश्न एका वाक्याचा, उत्तरसूचीत तारीख एकच. ‘पण’ या शब्दासाठी सूचीत जागा ठेवलेली नाही. मुलाने हुज्जत घातली, तर ‘जास्त शहाणपणा करू नको’ म्हणावे आणि नागरिकशास्त्राच्या रकान्यात ‘प्रश्न विचारण्याची वृत्ती आहे’ अशी नोंद करून त्या दिवसाची भरपाई करावी.

श्रेणीचे गणित सोपे आहे. एक्क्याण्णवच्या पुढे अ-१, त्याखाली दहा-दहा गुणांनी उतरत अ-२, ब-१ असे करत तेहेतीस ते चाळीसला ड. त्याखाली इ-१, इ-२ आहेत, परंतु त्या छापील तक्त्यातच राहू द्याव्यात. इ श्रेणी दिली की त्या मुलाला जादा मार्गदर्शन करून वर आणण्याची जबाबदारी आपलीच, हे शिक्षक कधी विसरत नाही. म्हणून आकारिकचे चाळीस गुण आपल्या हाती दिलेले आहेत. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा व नापास करण्याची तरतूद पुन्हा आली आहे, तेव्हा आठवीच्या बाबतीत हात थोडा अधिक सैल सोडावा; पुनर्परीक्षेच्या वेळी ते कुटुंब गावात सापडेलच याची खात्री नसते.

नोंदवही तपासणीस आलेल्या केंद्रप्रमुखांपुढे ठेवण्याआधी दोन-तीन पेने बदलून लिहावे, म्हणजे वर्षभर लिहिल्यासारखी दिसते. तारखा टाकताना भिंतीवरचे कॅलेंडर पाहून रविवार वगळावेत. आणि १७ सप्टेंबरच्या रकान्यात कुणाचे निरीक्षण लिहू नये. त्या दिवशी झेंडावंदन असते, इतिहासाचा तास नसतो.