बायकल ४६एमला ‘लोखंड’ म्हणणाऱ्यांसाठी

आज रेंजवर जे ऐकलं त्यानं डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांब आहे, पण पोरांना नेमबाजीत घालणाऱ्या आपल्या भागातल्या प्रत्येक आई-बापानं वाचावं.

चिकोडीकडची नववीतली पोरगी. वडील ऊस लावतात. तिच्या हातात कुणाकडून तरी जुनं घेतलेलं बायकल ४६एम एअर पिस्तूल. शेजारच्या लेनवरच्या मुलाचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, “हे कसलं लोखंड ओ? ह्यानं मेडल येतंय व्हय?” पोरीनं पिस्तूल गुपचूप पिशवीत घातलं. आणि तिचे वडील बाजूला जाऊन मोबाईलवर मोरिनी या महागड्या पिस्तुलाचे भाव बघत बसले.

मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, सगळी उत्तम पिस्तुलं आहेत, त्यात वाद नाही. पण हातात येईपर्यंत आकडा लाखांत जातो. उसाचं बिल कारखान्याकडून कधी येईल याची वाट बघणाऱ्या माणसाला पहिल्याच वर्षी तिथं ढकलायचं?

बायकल ४६एम हे खेळणं नाही. रशियातल्या इझेव्स्कच्या कारखान्यात १० मीटर स्पर्धेसाठीच बनवलेलं मॅच पिस्तूल आहे ते. नळीखाली लांब दांडा असतो. तो पूर्ण पुढे उघडायचा, परत मिटायचा, एवढ्यात एका शॉटची हवा दाबली जाते. दाबलेल्या हवेचा सिलिंडर नाही, दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही. दर वेळी तेवढीच हवा, म्हणून पहिल्या शॉटचा आणि साठाव्या शॉटचा वेग सारखा. झटका जवळजवळ नाहीच. पेलेट, म्हणजे छर्रा, सेकंदाला साधारण १४० मीटरनं जातं. महागडी पिस्तुलं १५० च्या आसपास. दहा मीटरवर हा फरक काही मिलिसेकंदांचा. पिस्तूल शिकंज्यात धरून चांगल्या पेलेटनं पाच शॉट मारा, टार्गेटच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळात बसतात. ते वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. नववीतल्या कुठल्या पोराचा हात त्याहून स्थिर आहे, सांगा मला.

दांडा मारायची रीत मात्र नीट शिकवावी लागते. पिस्तुलात पेलेट नसताना दांडा शेवटच्या टोकापर्यंत न्यायचा आणि क्षणभर थांबायचं, म्हणजे नळकांडं हवेनं पूर्ण भरतं. घाईत अर्धवट उघडला की हवा कमी भरते, शॉट खाली जातो, आणि पोराला वाटतं आपला नेम चुकला. मिटताना मध्ये थांबायचं नाही, एका लयीत आणायचा. शेवटचा भाग जड असतो, तिथं तळव्यानं दाब द्यायचा. दांडा आणि चौकटीच्या मध्ये बोट येऊ द्यायचं नाही. हवा दाबून ठेवून गप्पा मारत बसायचं नाही, सील ताणाखाली राहतं. आणि हे सगळं करताना नळीचं तोंड कायम टार्गेटकडे.

आता सिलिंडरवाल्या पिस्तुलांचं आपल्याकडे काय होतं ते बघा. २०० बार दाबाला हवा भरावी लागते. गावात सोय नाही, मग बेळगावात कुणाकडे हवेची टाकी मिळते का ते विचारा, नाहीतर कोल्हापूर. हातपंप घेतला तर खानापूरकडच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी पंपातून आत जातं. सिलिंडर आतून गंजतो, रबरी ओ-रिंग खराब होतात, रेग्युलेटर बिघडला की वेग वर-खाली. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावायचा आणि वेळेवर बदलायचा, हे विकणारा सांगत नाही. शिवाय सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते आणि स्पर्धेसाठी त्याची मुदत साधारण दहा वर्षं धरतात. सेकंड हँड पिस्तूल स्वस्तात मिळालं म्हणून पेढे वाटतात आणि सिलिंडरची तारीख संपलेली निघते. ती बघायची जबाबदारी खेळाडूचीच असते, पंचांची नाही.

होय, मान्य आहे, ४६एम जड आहे. सव्वा किलोच्या आसपास, आणि वजन नळीच्या तोंडाकडे जास्त. बारीक मनगटाच्या बारा वर्षांच्या पोराला ते देऊ नये. साठ शॉट आणि वर सराव शॉट, प्रत्येकाला दांडा, हात भरून येतो हेही खरं. पण साठ शॉटना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं असतात, म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद. दांडा मारून, हात सैल सोडून, श्वास जागेवर आणून पुन्हा उभं राहायला पुरतात. उलट घाईघाईत मारणाऱ्या पोराला ही सक्तीची विश्रांती चांगलीच.

आणि ट्रिगर! त्याबद्दल कुणी बोलत नाही. ओढण्याचा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, ओढायला लागणारं वजन, सगळं जुळवता येतं. नियमानं ट्रिगर किमान ५०० ग्रॅम हवा. ५१० ते ५२० ला ठेवा. अगदी काठावर ठेवलं तर स्पर्धेच्या दिवशी तपासणीत ट्रिगरला वजन टांगताना फसतं. पहिला टप्पा लांब, दुसरा आखूड आणि स्पष्ट, अशी सुरुवात करा. महागड्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरइतका तो कुरकुरीत नाही, हे कबूल. पण त्याला बॅटरी लागत नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि मोलाचा वेळ गेला, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तिनंच २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं आणली. यंत्र कुठलंही असो, बिघडतं. जे घरच्या टेबलावर उघडून दुरुस्त होतं, ते आपल्यासारख्या गावांना परवडतं.

दुरुस्तीचंच सांगतो. शॉट अचानक खाली पडायला लागले तर आधी ब्रीचचं, म्हणजे पेलेट घालायच्या मागच्या तोंडाचं, सील बघा. टिश्यूची पातळ पट्टी ब्रीचच्या फटीवर धरा, पेलेट घालून सुरक्षित दिशेला शॉट मारा. पट्टी फडफडली तर तिथून हवा गळते. पट्टी स्थिर आणि दांडा मात्र नेहमीपेक्षा हलका लागतोय, तर पिस्टनची ओ-रिंग गेली. जुनी ओ-रिंग सोबत नेऊन हायड्रॉलिकच्या दुकानात मापाची मागा. सिलिकॉन ग्रीस बोटभर नाही, नुसता पातळ थर. डब्ल्यूडी-४० चे फवारे आत मारू नका. असलेलं ग्रीस धुऊन जातं आणि सील कोरडं पडतं.

त्या पोरीच्या पिस्तुलाची ग्रिप, म्हणजे मूठ, तर मला स्वच्छ दिसत होती. तळहात टेकवायची फळी खूप खाली, बोटांमागे पोकळी, म्हणून प्रत्येक शॉट डावीकडे ओढला जात होता. हसण्याऐवजी तिला एवढं सांगायला कुणाच्या जिभेला काय झालं होतं? एम-सील आणा, पोकळी भरा, हात ओला करून ग्रिप धरा म्हणजे ठसा उमटेल, वाळल्यावर सँडपेपरनं थोडं थोडं घासा. फळी हाताला वर दाबणारी नको, नुसती टेकणारी हवी. ग्रिपनं मनगटाला आधार द्यायचा नाही, सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत. एवढं सांभाळलं की झालं.

सेकंड हँड घेताना दांड्याची पिन हलते का बघा, नळीतून उजेडाकडे बघा, ट्रिगर चढवून चौकटीवर हलकी थाप मारा. आपोआप सुटला तर घेऊ नका. नेम धरायच्या मागच्या साईटच्या खाचेत पुढच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे.

वाचलेल्या पैशांतून पेलेट घ्या. सपाट तोंडाची, मॅचची, ४.४९ किंवा ४.५० च्या डोक्याची. दोन-तीन प्रकार मारून बघा, ज्याची छिद्रं जवळजवळ पडतात त्याचा साठा करा. डबा पाडला की कडा वाकतात, ती पेलेट सरावाला वेगळी काढा. आणि घरी कोरा सराव: ब्रीच उचललं की हवा न भरताच ट्रिगर चढतो. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं आणि पांढऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं. साईट न हलता ट्रिगर सुटला पाहिजे. याला एक रुपया लागत नाही.

जिल्हा पातळी पार करून राज्य पातळीवर सातत्यानं ६०० पैकी ५५० च्या पुढे जायला लागलं पोर, तर घ्या की मोरिनी, घ्या पार्डिनी. तेव्हा हाताच्या मापाची ग्रिप, तोल, वजनं, सगळ्याचा उपयोग होईल. त्या दिवशी मी स्वतः सोबत येईन. त्याआधी नाही.

शेजारच्या कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, स्वप्नील कुसाळे दिला. आपल्या पोरांना राज्याच्या स्पर्धेला बेंगळुरूची वाट धरावी लागते, तिथली भाषा, तिथला खर्च, सगळं सोसून ती जातात. निदान आपल्याच रेंजवर आपल्याच माणसानं त्यांच्या हातातल्या वस्तूला नावं ठेवू नयेत. ज्यांनी ठेवली ते वाईट आहेत असं नाही, त्यांनी स्वतःच्या पोरासाठी भरपूर खर्च केलाय, त्याचा ताण असतो. पण पोरगी दिवसभर बोलली नाही ओ.

बेळगाव, निपाणी, संकेश्वर, अथणी, कुणाच्याही कपाटात ४६एम पडून असेल, बंद असलं तरी, मेसेज करा. सील बदलून चालू करता येतं. चिकोडीच्या त्या पोरीच्या वडिलांनी मोरिनीसाठी अजून कर्जाचा अर्ज भरलेला नाही, त्यांना मी उद्या फोन करतोय. ग्रिपसाठी एम-सील माझ्याकडे आहे.