कन्याकुमारी ते काश्मीर, व्हाया बुटीबोरी

दिवाळी संपली, नागपुरात रात्री पंखा बंद करून झोपता यायला लागलं, की मला दरवर्षी झटका येतो. कन्याकुमारी ते काश्मीर, आपल्या स्वतःच्या गाडीने. आता गाडी अकरा वर्षांची आहे आणि आजवर तिने पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव म्हणजे अमरावती, तेही लग्नाला, तेही उशिरा. पण स्वप्नाला कुठे पेट्रोल लागतं.

एनएच ४४ म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी, पावणेचार हजार किलोमीटरच्या आसपास, देशातला सगळ्यात लांब हायवे, आणि तो आमच्या नागपुरातून जातो याचा आम्हाला उगाच अभिमान. पण यातली गोम दुसऱ्या कोणाला कळणार नाही. आम्ही राहतो मधोमध. म्हणजे आधी खाली कन्याकुमारीला जा, मग तिथून पूर्ण वर श्रीनगरला जा, मग परत घरी या. हिशोब केला तर अख्खा हायवे बरोबर दोनदा होतो. साडेसात हजार किलोमीटर. मुंबईवाल्यांना वाटतं नागपूर सगळ्यांना जवळ, अरे बाबा, आम्ही सगळ्यांपासून सारखेच लांब आहोत!

तर साठच्या स्पीडने सव्वाशे तास. एक गाणं चार मिनिटांचं धरलं तर तासाला पंधरा, म्हणजे १,८७५ गाणी. हा आकडा मी जेवताना सगळ्यांना सांगितला आणि इथेच चुकलं. मी नुसता रूट सांगितला असता तर सगळ्यांनी मान हलवून वरण वाढून घेतलं असतं, पण गाण्यांचा विषय निघाला आणि घरात प्रत्येकाला मत फुटलं.

बाबांचं म्हणणं साधं होतं, गाणी कशाला पाहिजेत, राग लावा, आणि वेळेप्रमाणे लावा. त्यांनी माझ्याकडून रूटचा कागद घेतला आणि पेन्सिलने कुठे तोडी, कुठे सारंग, कुठे भीमपलास अशा खुणा केल्या. संध्याकाळी मारवा नको म्हणाले, त्यात पंचम नाही, षड्जावरही धड टेकू देत नाही, जीव नुसता टांगणीला लागतो आणि तू ओव्हरटेक करशील. मालकंस रात्री घाटात अजिबात नको, मालकंसाने भुतं येतात. मी म्हटलं बाबा, तुम्ही सायन्सचे मास्तर होते ना? तर म्हणाले, "म्हणूनच रिस्क नको बे." पुढे जम्मूच्या वरचा चेनानी-नाशरी बोगदा आला, सव्वानऊ किलोमीटरचा. पन्नासच्या स्पीडने अकरा मिनिटं. बाबा बराच वेळ विचारात पडले. अकरा मिनिटांत विलंबित ख्याल धड उघडतसुद्धा नाही. शेवटी छोटं आणि जलद काहीतरी हवं म्हणून कागदावर लिहिलं, "बोगदा : तराणा."

बायकोची एकच अट, रडकी गाणी नकोत. कारण मी रडक्या गाण्याला आपोआप चाळीसवर येतो आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारतात. हा आरोप खरा आहे. शिवाय आवाज कमी. पेंचच्या जंगलात हायवे वरून आणि वाघ खालून जावेत म्हणून रस्ताच उचललाय, आणि मध्य प्रदेशच्या बाजूला तर गाड्यांचा आवाज जनावरांपर्यंत जाऊ नये म्हणून कडेने भिंती उभ्या केल्यात. हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं तर म्हणे, "बघा, सरकारला वाघाच्या कानांची काळजी आहे, माझ्या कोणाला नाही."

मुलगी आठवीत आहे. तिच्या गाण्यांबद्दल मी बोलत नाही, कारण ती गाणी मला शेवटपर्यंत ऐकायलाच मिळालेली नाहीत. ती वीस सेकंदांनी पुढचं लावते. या हिशोबाने सव्वाशे तासांना साडेबावीस हजार गाणी लागतात. मी तिला कॅसेटबद्दल सांगितलं, साठ मिनिटांची असायची, ए साइड संपली की उलटायची, रिबिन बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची, आवडतं गाणं परत ऐकायचं तर अंदाजाने मागे न्यायची आणि नेहमी जास्तच मागे जायची. ती म्हणाली, "पप्पा, मग तुम्ही ट्रिप करत होते की कॅसेट?"

आई शेवटी बोलली. ती नेहमी शेवटी बोलते आणि तेच होतं. "बुटीबोरीपर्यंत भजनं. प्रवास आहे, देवाचं नाव घेऊन निघायचं. पुढे तुमचं काय ते लावा." अपील नाही. (बुटीबोरी म्हणजे नागपूरहून खाली निघालं की याच हायवेवर लगेच लागणारं गाव.)

मग मी सगळ्यांची गाणी एका पेन ड्राइव्हमध्ये भरली. दोन रात्री गेल्या. गाडीत लावला तर स्टिरिओ म्हणतो, नो फाइल. मुलीने सांगितलं फॉरमॅट वेगळा पाहिजे, तो केला, म्हणजे सगळं पुसून परत भरलं. मग कळलं की आमचा स्टिरिओ गाणी नावाप्रमाणे लावतो आणि माझ्याकडच्या जुन्या गाण्यांची नावं आहेत "ट्रॅक ०१". त्यामुळे आधी चाळीस अल्बमची चाळीस पहिली गाणी, मग चाळीस दुसरी. तोडीनंतर मुलीचं धाडधाड, त्यावर हरिपाठ, त्यावर किशोरकुमार. ब्लूटूथ करून पाहिलं तर बाबांच्या ख्यालात बरोबर समेवर मॅपवाली बाई बोलली, "दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा." बाबा म्हणाले, हिला आधी तालाचं शिकवा.

तर क्रम नीट लावायचा म्हणून मी रोज रात्री जेवण झालं की पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसायला लागलो. चावी अर्धी फिरवायची, सीट मागे, डोळे मिटायचे. खरं सांगतो, या आठ-दहा रात्रींइतका मी कधीच फिरलो नाही. कृष्णा ओलांडली, कर्नूल गेलं, मदुराईच्या अलीकडे एकदा पाऊसही लागला (वरच्या मजल्यावरून कोणीतरी कुंड्यांना पाणी घालत होतं). शेजारचे काका तीन दिवस बघत होते, चौथ्या दिवशी काचेवर टकटक करून हळूच विचारलं, "काय करून राह्यले भाऊ रोज? वहिनींशी वाजलं काय?"

अकराव्या रात्री ग्वाल्हेरच्या आसपास गाणं घरघरलं आणि बंद पडलं. चावी फिरवली तर नुसतं टिक. बॅटरी खल्लास.

सकाळी मेकॅनिक आला, दुसऱ्या गाडीला वायर जोडून आमची चालू करून दिली आणि म्हणाला, "आता बंद नका करू, निदान तासभर चालवा. एसी नाही, टेप नाही, काहीच नाही लावायचं." रविवार होता. सगळे खाली तमाशा बघायला आलेच होते, ते तसेच घरच्या चपलांवर आत बसले. बायकोने तेवढ्यात पोहे डब्यात भरले, तर्री सांडेल म्हणून नाही घेतली, यावर बाबा थोडे नाराज. मी गाडी वर्धा रोडला काढली. एनएच ४४, दक्षिणेकडे. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

गाडीत शांतता. अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं की डिकीत काहीतरी खडखडतं. बायको म्हणाली जॅक आहे, मुलगी म्हणाली तिची हरवलेली बाटली असेल. बाबांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि मांडीवर बोट आपटत सांगितलं, "दादरा आहे. पण सहाव्या मात्रेला खातो."

मागून आईने विचारलं, "टेप लावायचा नाही म्हणाला ना तो? तोंडाने म्हटलेलं चालतं ना?" आणि उत्तराची वाट न बघता सुरू केलं. एकामागून एक, खडखडीच्या तालावर, बाबा समेला मान हलवतायत, मुलगी खिडकीबाहेर बघतेय, आणि तिने एकदाही पुढचं लाव म्हटलं नाही, बहुतेक बटण कुठे आहे ते सापडलं नसावं.

बुटीबोरीचा पूल दिसला तशी आई थांबली. पदर सारखा केला.

"माझं झालं बाबा. आता तुमचं लावा."

तिथून मी यू टर्न घेतला.