विरजण लावून खाऱ्या पाण्याची टाकी तयार होत नाही

'समुद्र दाराशी असताना टाकीला सहा आठवडे कसले थांबता?' असा, घरी समुद्री मासे पाळणाऱ्यांसाठीचा एक मेसेज सध्या रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ग्रुपांवर फिरतोय. किनाऱ्यावरून ताजं पाणी आणा, त्यात जिवाणू असतातच. वर चमचाभर दही घाला, किंवा गोड्या पाण्यातल्या गप्पी माशांच्या टाकीतला फिल्टरचा स्पंज पिळा. पाणी काचेसारखं दिसलं की दुसऱ्या दिवशी मासे सोडा. मालवणकडचा पोवळ्याचा दगड मिळाला तर उत्तमच. 'सायकलिंग', म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत जिवाणू जमेपर्यंत थांबणं, हा म्हणे दुकानदारांचा धंदा. परवा भाच्याने हेच मला पाठवलं आणि खाली विचारलं, 'मामा, दही गायीचं की म्हशीचं?' तेव्हा मात्र राहवलं नाही.

कुठलंच नाही, बाबा. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेवर जगतात आणि आम्ल करतात. अमोनियाशी त्यांना काही देणंघेणं नाही. टाकीला हवे ते जिवाणू वेगळेच. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. एक गट त्या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन्ही गट अतिशय सावकाश वाढतात. एकदा दुप्पट व्हायलाच त्यांना कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो, म्हणून रात्रीत दही लागतं तशी टाकी लागत नाही. आणि घातलेल्या दह्याचं पुढे काय होतं? पांढऱ्या गुठळ्या वाळूत बसतात, सडतात, आणि त्यातल्या प्रथिनांमधून अमोनियाच सुटतो. जे संपवायचं तेच आपण चमच्याने मोजून घातलं!

स्पंजाची गोष्ट जरा बरी वाटते, पण तीही फसवी. होवानेक आणि डीलाँग या अमेरिकी संशोधकांनी १९९६ साली गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही टाक्यांतले जिवाणू जनुकीय खुणांवरून तपासले. खाऱ्या टाक्यांत अमोनिया खाणारे नायट्रोसोमोनासच्या कुळातले जिवाणू चांगले मुबलक होते. गोड्या टाक्यांत तेच शोधून सापडेनात. तेव्हा गप्पींचा स्पंज गप्पींनाच राहू द्या. एखाद्याच्या जुन्या, चालत्या खाऱ्या टाकीतली मूठभर वाळू किंवा फिल्टरचा तुकडा मिळाला तर थांबणं खरंच कमी होतं, एवढं मी मान्य करतो.

ताज्या समुद्रपाण्यात जिवाणू असतात, हेही खोटं नाही. पण आपल्याला हवे ते बहुतेक दगडावर, वाळूवर, फिल्टरमध्ये चिकटून राहणारे. नुसत्या पाण्यात ते जेमतेम. शिवाय समुद्रात एका माशाच्या वाट्याला किती पाणी असतं आणि आपल्या शंभर लिटरच्या काचेच्या पेटीत किती, याचा हिशोब मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. पावसाळ्यात तर भाट्याच्या खाडीकडचं पाणी आणूच नका. नदीच्या पाण्याने त्याचा खारेपणा पार उतरलेला असतो. हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याची घनता मोजायच्या नळीवर, १.०२५च्या आसपास आकडा येतो का, ते आधी बघा.

'काचेसारखं पाणी' या ओळीने सगळ्यात जास्त मासे मरतात. अमोनियाला रंग नसतो. टाकीतलं पाणी टेस्ट किटच्या नळीत घेऊन दोन-तीन बाटल्यांतले थेंब टाकून पाच-दहा मिनिटं थांबलं की पिवळ्याचं गडद हिरवं होतं, म्हणजे अमोनिया भरपूर, आणि शेजारची टाकी मात्र चकचकीत असते! त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३. पीएच एकाने वाढला की अमोनियाचा विषारी वाटा साधारण दहापट होतो. गोड्या पाण्यात जेवढ्या अमोनियात गप्पी तगून जातात, तेवढ्यातच खाऱ्या पाण्यातल्या क्लाऊनफिश माशाचे कल्ले भाजतात. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो आणि आपण म्हणतो, 'नवीन जागा आहे, रुळेल.'

नायट्राइटच्या बाबतीत मेसेजवाल्याचं नशीब बरं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड एवढं असतं की नायट्राइट माशाच्या अंगात सहज शिरत नाही, म्हणून गोड्या पाण्याइतका त्याचा धोका इथे नाही. पण तो आकडा शून्यावर आल्याशिवाय दुसरा गट कामाला लागलाय हे कळणार कसं?

पोवळ्याच्या दगडाबद्दल फार बोलायला नको. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. असले सल्ले ग्रुपवर टाकणाऱ्याला लाज कशी वाटत नाही?

राहिला दुकानदारांचा धंदा. अहो, मासे पहिल्याच दिवशी विकले, ते मेले आणि तुम्ही पुन्हा घ्यायला आलात, तर फायदा कुणाचा? थांबायला सांगणारा दुकानदार त्या महिन्यात तुम्हाला काहीच विकत नसतो. बाटलीतल्या जिवाणूंची जाहिरात करणारे असतात, पण तेवढ्यावरून सगळेच लबाड ठरत नाहीत.

भाच्याला सांगितलंय ते असं: फिल्टर चालू ठेव, सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा कुजायला टाक आणि दोन दिवसांआड किट लाव. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसायला साधारण चार ते सहा आठवडे. मग पाणी थोडं बदल आणि एकच मासा आण. फिल्टर नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीन लागला की जमलेले जिवाणू मरतात. कोळंबीचा वास सुटेल, तेव्हा ताईने टाकी पडवीत हलवायला सांगितली तर भरलेली टाकी ढकलू नकोस, खिडकी उघड.