थकलेला टॅक्स भरला की अमेरिकेत घर?

‘अमेरिकेतल्या ओसाड घराचा थकलेला टॅक्स भरा, घर तुमचं. 500 डॉलरपासून सुरुवात, जुनी कर्जं आपोआप साफ. मालक कधीच सोडून गेलेले, कोणाचं नुकसान नाही.’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय.

पहिलं वाक्यच खोटं. दुसऱ्याच्या घराचा टॅक्स भरलात तर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं तिथलं स्थानिक प्रशासन) पैसे खुशाल घेईल आणि फायदा मालकाचा होईल. आपल्याकडेही ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नमुना 8 वर नाव लागलं की घर आपलं, असं समजणारे थोडे नाहीत! टॅक्स डीड, म्हणजे टॅक्स थकलेल्या घराचं मालकीपत्र, मिळतं ते थकबाकी साचून, नोटिसा धाडून झाल्यावर होणाऱ्या जाहीर लिलावात. फ्लोरिडासारख्या राज्यात तर आधी थकबाकीचं सर्टिफिकेट, म्हणजे ती थकबाकी वसूल करण्याचा हक्क, विकतात, डीडची पाळी त्यानंतर.

500 डॉलर? ती बोलीची सुरुवात. डेट्रॉइटच्या वेन काउंटीत पहिल्या फेरीत न खपलेली घरं त्या आकड्यापासून पुकारली गेली आहेत. आत जाऊन बघायची सोय नसते. छप्पर गळतंय का, आत कोणी राहतंय का, हे रस्त्यावरूनच ताडायचं.

‘कर्जं साफ’ हे सगळ्यात घातक, कारण त्यात थोडं तथ्य आहे. बँकेचं गहाणखत बऱ्याच ठिकाणी खरंच उडतं, पण बँकेला रीतसर नोटीस गेली असेल तर. केंद्राच्या आयकर खात्याचा बोजा असेल तर त्यांना 120 दिवसांत घर सोडवून घेता येतं. टेक्सासात मालक आपलं राहतं घर दोन वर्षांपर्यंत परत मागू शकतो. तुम्हाला पहिल्या वर्षी 25, दुसऱ्या वर्षी 50 टक्के वर मिळतील, पण हौसेने बसवलेल्या किचनचे पैसे सुटतीलच असं नाही. मुदत सरली तरी टायटल इन्शुरन्सवाले, म्हणजे मालकीच्या वादावर विमा देणारे, नाक मुरडतात. मग वकील लावून कोर्टातून मालकी पक्की करून घ्या.

सॅन फ्रान्सिस्कोतली प्रेसिडिओ टेरेस ही धनाढ्यांची खासगी गल्ली. टॅक्स वर्षाला 14 डॉलर, आणि बिलं जायची जुन्या अकाउंटंटच्या पत्त्यावर, म्हणून तो थकला. 2015 मध्ये एका जोडप्याने लिलावात फुटपाथसकट ती गल्ली 90,100 डॉलरला घेतली. रहिवाशांना हे कळलं तेव्हा बोंबाबोंब झाली आणि 2017 मध्ये शहराच्या मंडळाने 7 विरुद्ध 4 मतांनी विक्रीच रद्द केली. डीड हातात असून ही गत.

राहिलं ‘कोणाचं नुकसान नाही’. मिनियापोलिसच्या जेराल्डिन टायलर उतारवयात वृद्धांच्या वसाहतीत राहायला गेल्या, मागे फ्लॅटचा टॅक्स थकला. दंड-व्याजासकट सुमारे 15,000 डॉलरसाठी काउंटीने तो 40,000ला विकला आणि वरचे 25,000ही ठेवून घेतले. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाईंची बाजू उचलून धरली. तेव्हा त्या 94 वर्षांच्या होत्या. या मजकुराच्या हिशेबात त्यांचा फ्लॅटही ‘ओसाड’च.