'थोतांड' या शब्दाबद्दल आणि १२८ बद्दल

दादा, एमपी३ गाणी किती बिटरेटला ठेवावीत या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बिटरेट म्हणजे सेकंदाभराच्या आवाजाला दिलेले किलोबिट, १२८ आणि ३२० हे त्याचेच आकडे. "१२८ आणि ३२० मधला फरक माणसाच्या कानाला कळतच नाही. बिटरेट हे थोतांड आहे, उगाच लोकांची मेमरी कार्डं भरायला लावता. तुम्ही स्वतः कधी डोळे बांधून चाचणी दिली का?" मत वेगळं असू द्या. पण थोतांड? हा शब्द भोंदूबाबाला लावतात. मी लेख लिहून कुणाकडून दमडी घेतलेली नाही.

एक चूक माझी. ३२० ला मिनिटाला तीन एमबी लागतात असं लिहिलं होतं, हिशेबाने २.४ येतात. दुरुस्त केलं. कार्डाच्या जागेवर मी बोलत नाही, तो वादच जुना झाला.

आता 'कानाला कळत नाही'. कुणाच्या कानाला? १९९४ पासून सहा वर्षं मी धुळ्यात कॅसेटी भरून दिल्या. फितीला टेकणारं टेपचं हेड स्पिरिटने पुसायचं, स्क्रू जरा फिरवायचा, टाळ खणखणीत वाजेपर्यंत. हेड केसभर तिरकं झालं तरी टाळ बोथट व्हायचा आणि ते मालकाच्या आधी मला कळायचं. तुम्ही किती फिती ऐकल्यात, ते एकदा सांगा.

टाळाचंच घ्या. एमपी३ आवाजाचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला मोजून बिट वाटतो. बिट कमी पडले की ठोका पडायच्या आधीच फस्स अशी खरखर पसरते. सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. १२८ म्हणजे जेमतेम अकरावा हिस्सा. नुसती पेटी आणि एक गळा असेल तर निभतं, हे लेखात मीच लिहिलंय. टाळ आणि टाळ्या आल्या की निभत नाही.

माझ्या मायने अमळनेरला कानबाईच्या जागरणात म्हटलेली अहिराणी गाणी एका कॅसेटवर होती. २००६ मध्ये एका दुकानात ती कॉम्प्युटरवर भरून घेतली. त्याने १२८ ला केली. "काही फरक कळत नाही भाऊ," म्हणाला. तुमचंच वाक्य, दादा. पुढे कॅसेटला बुरशी लागली, फीत चिकटली, सोडवताना तुटली. माय २०११ ला गेली. उरली ती फाइल. बायकांच्या टाळ्या पडतात तिथे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. तीच फाइल ३२० ला बदलून पाहिली. आकार अडीचपट झाला, गेलेलं काही परत आलं नाही.

म्हणून मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवा, त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही; फोनसाठी त्यातून लेमचं व्ही२ काढा, म्हणजे लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रामची गरजेप्रमाणे बिट कमीजास्त करणारी पातळी, हे मी लिहिलं आणि ते तसंच राहील. चाचणीची मला गरज वाटली नाही.

तुम्हाला हवी असेल तर ती फाइल पाठवतो. दुसऱ्या मिनिटाला, टाळ्यांच्या आत, माय एक शब्द म्हणते. तो कोणता ते सांगा. मला अजून लागलेला नाही.