सातबारा नावावर आहे म्हणून भिंत कशीही घालता येत नाही

प्लॉटधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. गोषवारा असा: सातबारा नावावर असेल तर कंपाउंडला कुणाची परवानगी लागत नाही, उंची हवी तेवढी ठेवा, मोजणीच्या भानगडीत पडू नका, भिंत बारा वर्षं उभी राहिली की आतली जागा कायमची तुमची, जाण्यायेण्याचा रस्ता मागणाऱ्याला दाद देऊ नका, आणि अर्धा खर्च शेजाऱ्याकडून घ्या. घरांचे नकाशे काढणं आणि मंजूर करून घेणं हे माझं काम. या मेसेजच्या भरवशावर भिंत घातलेली माणसं नोटीस घेऊन येतात, तेव्हा त्यांचे पैसे मातीत गेलेले असतात आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद झालेलं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कंपाउंड म्हणजे काही इमारत नव्हे, परवानगी कशाला?"

कायद्याच्या भाषेत ती इमारतच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मधली 'इमारत' या शब्दाची व्याख्या कंपाउंडची भिंत आणि फेन्सिंग दोन्ही धरते. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळून राज्यभर लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही जागा बंदिस्त करणारी भिंत व्याख्येत येते. गावठाणात बांधकामाच्या परवानगीचं कलम ग्रामपंचायत अधिनियमात आहे, कलम 52. जुन्या भिंतीला गिलावा करा, रंग द्या, कुणी अडवणार नाही. नवी पक्की भिंत मात्र घराच्या नकाशातच दाखवून मंजूर करून घ्यावी. कागद तोच, फेरी तीच, मग ती नकाशाबाहेर ठेवायचीच कशाला?

"उंची आपल्या मर्जीची"

नियमावलीतला आकडा स्पष्ट आहे. विशेष परवानगी नसेल तर भिंत जास्तीत जास्त 1.5 मीटर, म्हणजे पाच फुटांना जरा कमी. 2.4 मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा 0.9 मीटर भाग आरपार दिसेल असा, जाळीचा किंवा रेलिंगचा हवा. तुरुंगांच्या भिंतींना ही मर्यादा नाही आणि शाळा, दवाखाने, कारखान्यांना 2.4 मीटरपर्यंत भरीव भिंतीची मुभा मिळू शकते. घराला ती सवलत नाही.

खरी चूक टेप कुठून धरायची इथे होते. ही उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात. प्लॉट रस्त्यापेक्षा दोन फूट वर असेल, किंवा मुरमाचा भराव टाकून वर घेतला असेल, तर आतून पाच फुटी दिसणारी भिंत रस्त्यावरून सात फूट भरते. गवंडी आत उभा राहून मोजतो आणि मालक मान डोलावतो. तपासणीला आलेला माणूस रस्त्यावर उभा असतो.

कोपऱ्याच्या प्लॉटला नियम आणखी कडक आहे. चौकाकडच्या दोन्ही बाजूंना 10 मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत फक्त 0.75 मीटर, जेमतेम कमरेपर्यंत. त्यावर आणखी 0.75 मीटर हवं असेल तर रेलिंग. हे शोभेसाठी नाही. वळणावर येणाऱ्या दुचाकीस्वाराला पलीकडून सायकलवर येणारी पोरगी दिसावी, एवढ्यासाठी आहे. सहा फुटी भिंतीमुळे आंधळी झालेली वळणं आपल्या प्रत्येक कॉलनीत आहेत आणि मला त्यांचा राग येतो. फाटकाचंही तसंच: ते पूर्ण आत उघडलं पाहिजे, रस्त्यावर किंवा पायवाटेवर नाही.

उंचीबद्दल एक गोष्ट मेसेजमध्ये कधीच नसते. ज्या भिंतीमागे माती आहे ती कुंपणाची भिंत राहत नाही, ती माती थोपवणारी भिंत, रिटेनिंग वॉल होते. साडेचार इंची विटांची, मध्ये कॉलम नसलेली भिंत, तिच्या पाठीला तीन फूट भराव आणि पाणी निघायला एकही भोक नाही, हे मी सर्रास पाहतो. जुलैत भराव पाणी पितो, गिलाव्यावर ओल उमटते, भिंतीला पोट येतं, आणि त्यावर पुन्हा सिमेंट फासलं जातं. 29 जून 2019 रोजी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 माणसं गेली. पुढच्या तीनच दिवसांत मालाडला आणि पुण्यातच आंबेगावला भिंती पडून आणखी माणसं मेली. मागे भराव असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या आणि पाणी निघायला भोकं (वीप होल) ठेवा. इथे पैसे वाचवू नका.

"सातबारा आहे, मोजणी कशाला?"

भांडणं पेटतात ती इथेच. गाव नमुना सात तुमचं नाव आणि क्षेत्र सांगतो, नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. जमिनीची लांबी-रुंदी, कोन, हद्दीची जागा यातलं काहीही त्यावर नसतं. खरेदीखतातल्या चतुःसीमा 'पूर्वेस अमुक यांची मिळकत' एवढंच सांगतात. ती मिळकत नेमकी कुठे संपते ते सांगत नाहीत.

हद्द ठरते भूमी अभिलेखच्या मोजणीने. तालुक्याच्या उपअधीक्षक कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा आणि फी भरायची. लगतच्या धारकांना नोटिसा जातात. भूकरमापक येऊन मूळ अभिलेखाशी जुळवून खुणा दाखवतो आणि मग नकाशाची 'क' प्रत मिळते. त्या प्रतीवर रेकॉर्डची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळी दाखवलेली असेल तर ती नीट बघा. दोन रेषांमधलं अंतर हेच पुढचं भांडण असतं. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. खुणांचे दगड गवंडी येईपर्यंत जागचे हलवू देऊ नका, आणि पायाची आखणी शेजाऱ्याच्या समोर करा. हद्दीवर झाड आडवं येत असेल तर शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही.

गुंठेवारीच्या प्लॉटला अडचण मोठी आहे. एकाच सातबाऱ्यावर अनेक नावं, प्रत्येकासमोर गुंठे, पण मंजूर लेआउट नाही आणि पोटहिस्स्यांचा नकाशाही नाही. मोजणीवाला बाहेरची हद्द दाखवू शकतो. आतली तुमची-माझी रेषा कागदावर नसेल तर तो ती कुठून आणणार? तिथे आधी सहधारकांचं एकमत आणि रेखांकन (लेआउट), मग भिंत.

"बारा वर्षं झाली की जागा आपली"

यात सत्याचा कण आहे, म्हणूनच ते फसवतं. मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 65 मध्ये मालकाला ताबा परत मागायला बारा वर्षांची मुदत आहे, आणि विरुद्ध कब्जाच्या, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध धरलेल्या ताब्याच्या, आधारे दावा लावता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात म्हटलं आहे. पण नुसती वर्षं मोजून काही होत नाही. कब्जा उघड, अखंड आणि मूळ मालकाचा हक्क नाकारणारा होता हे पुराव्याने शाबीत करावं लागतं, तेही ज्याने दावा केला त्यानेच. शेजाऱ्याने 'असू दे, घाल तिथून' म्हटलं असेल तर तो संमतीचा ताबा. भावाभावांत तर एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असतो असंच धरलं जातं. वाटणीआधी वाड्यात भिंत घालून बारा वर्षं थांबणाऱ्याने हे नक्की वाचावं. सरकारी जमीन किंवा सार्वजनिक रस्ता असेल तर मुदत 30 वर्षं. शिवाय जागेचा हक्क आणि बांधकामाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मिळाला म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

"आपल्या जागेतून कुणी जात असेल तर खुशाल बंद करा"

सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार 20 वर्षं उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा वापरलेली वाट हा हक्क होऊ शकतो. दुसरी वाटच नसेल तर गरजेचा हक्कही सांगता येतो. शेतात जाणारी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाता येतं. आधी चौकशी करा, मग फाटक लावा.

"अर्धा खर्च शेजाऱ्याचा"

तुम्ही तुमच्या हद्दीत भिंत घातली तर खर्च तुमचा. सामाईक भिंत हवी असेल तर रेषा, जाडी, उंची आणि वाटा आधी लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

भिंत विनापरवाना झालेलीच असेल तर नोटीस फाडून टाकू नका आणि रातोरात आणखी दोन थर चढवू नका. नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 52 मध्ये विनापरवाना कामाला कैद आणि दंड दोन्ही आहेत. कलम 53 ची नोटीस असेल तर तिच्यातल्या मुदतीत कलम 44 खाली भिंत कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो. अर्जासोबत 'क' प्रत, रस्त्याच्या मध्यापासून मोजलेली उंची आणि रस्त्याच्या बाजूने काढलेले फोटो जोडा. उंची जास्त असेल तर वरचे थर उतरवून तिथे रेलिंग बसवायची तयारी अर्जातच लिहा.