इंटिमेशन म्हणजे नोटीस नव्हे आणि परवानगीही नव्हे

'इन्कम टॅक्सचं इंटिमेशन आलंय, आता काय होणार?' 'सोसायटीला इंटिमेशन दिलं, पण सेक्रेटरी परवानगीच देत नाहीत.' 'बिल्डर म्हणतो आयओडी आलाय, मग बुक करून टाकू का?'

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच शब्द आहे. इंटिमेशन म्हणजे रीतसर कळवणं, एवढंच. आपण मात्र त्याला कधी नोटीस समजून घाबरतो, कधी अर्ज समजून उत्तराची वाट पाहत बसतो, तर कधी मंजुरी समजून पैसे भरून मोकळे होतो. सरकारी आणि विम्याच्या कागदांतल्या इतर कुठल्याही शब्दापायी लोकांचं इतकं विनाकारण नुकसान होत नसेल, असं माझं मत आहे. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी इंग्रजीपुरतं. 'इंटिमेट' विशेषण असेल तर शेवटचा उच्चार 'मट' असा तोकडा होतो, क्रियापद असेल तर 'मेट'. ब्रिटनमध्ये आज बोलताना या क्रियापदाचा अर्थ बहुधा 'आडून सुचवणं' असा घेतात. आपल्याकडे ते 'अधिकृतपणे कळवणं' या अर्थी चालतं, आणि ते चुकीचं नाही. तो जुनाच अर्थ आहे. स्कॉटलंडच्या कायद्यात येणं वसूल करायचा हक्क दुसऱ्याच्या नावे केला की देणेकऱ्याला रीतसर 'इंटिमेशन' देण्याची परंपरा आहे. पण परदेशी क्लायंटला मेल लिहिताना 'काइंडली इंटिमेट अस' टाळा. त्यांच्याकडे 'इन्फॉर्म' माणसाला करतात आणि 'इंटिमेट' गोष्ट करतात, त्यामुळे आपली ही वाक्यरचना त्यांना अडखळायला लावते. तिथे साधं 'प्लीज लेट अस नो' लिहावं.

आता मुंबईचा आयओडी. पूर्ण रूप 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे शब्दशः 'नामंजुरी कळवली आहे'. आणि गंमत नाही, हाच कागद मिळाला की बिल्डर पेढे वाटतो. कारण १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४६ ची रचनाच तशी आहे. बांधकाम करायचंय असं मालकाने कळवायचं, आणि पालिकेने अमुक अमुक अटी पुऱ्या होईपर्यंत ते नामंजूर असल्याचं उलट कळवायचं. सोबत अटींची लांबलचक यादी असते. प्रत्यक्षात याचा अर्थ नकाशे तत्त्वतः मान्य, पण अटी पूर्ण केल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

काम सुरू करायचा कागद वेगळा. तो सीसी, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, आणि तो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली मिळतो. सीसीसुद्धा बहुधा टप्प्याटप्प्याने येतो, आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी वाढवून. म्हणून 'आयओडी आहे का?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'मी घेतोय त्या मजल्यापर्यंत सीसी आहे का?' हा खरा प्रश्न. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवणाऱ्याच्या हातात फक्त जोत्यापर्यंतचा सीसी असू शकतो. महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर मंजुऱ्यांची कागदपत्रं असतात. ती उघडा आणि सीसीवरचं शेवटचं एन्डॉर्समेंट, म्हणजे कुठल्या मजल्यापर्यंत मुभा आहे तो शेरा, वाचा. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, घेता येत नाही, हे रेरा या स्थावर संपदा कायद्याचं कलम १३ सांगतं. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, प्रकल्पात याच टप्प्याला आयओए म्हणतात, 'इंटिमेशन ऑफ अप्रूव्हल'. नाव उलटं झालं तरी सीसीचा प्रश्न तसाच उरतो.

सोसायटीचं प्रकरण याच्या बरोबर उलटं. इथे कळवणं पुरेसं असतं आणि लोक परवानगी मागत बसतात. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं, लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची आणि पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती दिल्याची प्रत जोडायची. तरी लोक पत्राच्या शेवटी सवयीने 'तरी परवानगी मिळावी ही विनंती' लिहितात, आणि जिथे नकाराला जागाच नव्हती तिथे ती स्वतःच तयार करतात. मग एनओसी, मग एनओसीचे पैसे. फ्लॅट स्वतः न वापरता भाड्याने दिला म्हणून सोसायटी लावते ते ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं, आणि तेवढं मात्र द्यावंच लागतं.

आयकराचं इंटिमेशन सगळ्यात जास्त झोप उडवतं. १९६१ च्या कायद्याच्या कलम १४३(१) खाली बंगळूरचं सीपीसी, म्हणजे आयकर खात्याचं रिटर्न तपासणारं केंद्र, रिटर्न तपासून ते ईमेलने पाठवतं. ही चौकशी नाही, असेसमेंट, म्हणजे अधिकाऱ्याने केलेली करनिर्धारणा, तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या राजेश झवेरी निकालात हा फरक स्पष्ट केलेला आहे. फाइल उघडायचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशा आठ आकड्यांत. आत दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एकात तुम्ही भरलेले आकडे, दुसऱ्यात सीपीसीने काढलेले. थेट शेवटच्या ओळीकडे धावू नका. वरून खाली येत पहिला फरक कुठे पडला ती ओळ शोधा. पुढचे बहुतेक फरक त्या एका ओळीतूनच आलेले असतात.

फरक टीडीएसच्या ओळीत असेल तर २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडा. कंपनीने किंवा बँकेने टीडीएसचं विवरण भरलं नसेल, किंवा चुकीच्या पॅनवर भरलं असेल, तर ती रक्कम तुमच्या खात्यावर दिसणारच नाही. अशा वेळी सीपीसीशी भांडून उपयोग नाही. कापणाऱ्याकडून विवरण दुरुस्त करून घ्या आणि मगच कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन, म्हणजे चूक दुरुस्तीचा अर्ज, टाका. उलट क्रमाने केलंत तर तेच उत्तर पुन्हा येतं. रेक्टिफिकेशनची मुदत आदेशाच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षं आहे. पण डिमांड, म्हणजे आणखी कर भरायची मागणी, असेल तर तीस दिवसांनंतर महिन्याला एक टक्का व्याज सुरू होतं, आणि अपिलासाठीही तीसच दिवस असतात. त्यामुळे चार वर्षांच्या भरवशावर राहू नका.

इंटिमेशन पाठवायची मुदत रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं त्याच्या अखेरीपासून नऊ महिने. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नचं इंटिमेशन डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत येऊ शकतं. ईमेलच्या विषयात १४३(२) दिसलं तर ती मात्र खरोखरची छाननीची नोटीस असते. आकडा नीट वाचा, आणि त्या दिवशी सीएंना फोन करायला संकोचू नका.

विम्यात इंटिमेशन द्यायचं काम तुमचं असतं आणि घड्याळ तुमच्या विरुद्ध चालतं. आरोग्यविम्यात अचानक भरती झाल्यास साधारण चोवीस तासांत कळवायचं असतं, ठरलेल्या ऑपरेशनसाठी दोन-तीन दिवस आधी. नेमके तास पॉलिसीत छापलेले असतात. उशीर झाला तरी हार मानू नका. केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे. गाडी चोरीला गेली तर आधी एफआयआर. गुरशिंदर सिंग प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एफआयआर लगेच नोंदवला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावर चोरीचा क्लेम नाकारता येणार नाही. चोरीचा तपास पोलीस करतात, नुकसान मोजणारा विम्याचा सर्व्हेअर नाही, हे त्यामागचं साधं कारण. अपघातात तसं नाही. तिथे सर्व्हेअरला मोडलेली गाडी पाहायची असते, म्हणून आधी कळवा आणि मग गॅरेज.

शेतकऱ्यांना हा शब्द पीकविम्यामुळे पाठ झालाय. गारपीट, पूर, काढणीनंतर शेतात सुकत पसरलेलं पीक भिजणं, या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची, हा पंतप्रधान पीकविमा योजनेचा नियम. काढणीनंतरचं संरक्षण कापणीपासून चौदाच दिवसांचं. गट नंबर चुकला किंवा भिजलेल्या काढणीऐवजी कारण म्हणून 'पूर' निवडलं, तर पुढे पंचनाम्यात ते जुळत नाही. म्हणून अर्जाची पावती समोर ठेवूनच माहिती भरायची आणि डॉकेट आयडीचा, म्हणजे सूचनेला मिळालेल्या क्रमांकाचा, स्क्रीनशॉट जपायचा. मात्र महाराष्ट्राने खरीप २०२५ पासून हे वैयक्तिक नुकसानीचे घटक वगळले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणली. पुढच्या हंगामात कुठले घटक आहेत, हे त्या हंगामाच्या शासन निर्णयात पाहिल्याशिवाय ७२ तासांच्या जुन्या मेसेजवर विसंबू नका.

शेवटी, इंटिमेशन स्वतः द्यायचं असेल तेव्हा पत्रात चार गोष्टी हव्यातच. काय घडलं किंवा घडणार आहे, कधी, पॉलिसी, फ्लॅट किंवा गटाचा क्रमांक, आणि कोणत्या नियमाखाली कळवताय. ईमेल करा आणि त्याच दिवशी कागदाची एक प्रतही द्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवकचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवा. फोनवर कळवलं असेल तर तक्रार क्रमांक त्याच ईमेलमध्ये लिहा. आणि शेवटची ओळ 'परवानगी मिळावी' अशी नको. 'आपल्या माहितीसाठी व नोंदीसाठी' एवढीच पुरे.